पागोळीचा पंचनामा कुणी करीत नाही

शिरोळ तालुक्यातल्या माणसाला पाण्याची भीती शिकवावी लागत नाही. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. या दोन नद्यांच्या फुगवट्याचे पाणी २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही साली आपल्या गावांत, वस्त्यांत आणि घरांत शिरले. पूर ओसरला की सरकारी माणसे येतात, भिंतीवरची पाण्याची रेघ बघतात आणि पंचनामा करतात. मदत किती मिळते आणि कधी मिळते हा निराळा विषय आहे. पण नुकसान झाले ही गोष्ट निदान कागदावर तरी येते.

दुसरेही एक पाणी आपले घर खात असते. त्याचा पंचनामा कधीच होत नाही. छपराच्या कडेवरून ओघळून भिंतीच्या पायाशी पडणारे हे पाणी म्हणजे पागोळी. जुनी माणसे ती पडण्याच्या जागेला पावळण म्हणतात. दरवर्षी ती ओंजळभर माती उकरून नेते. पाच वर्षांत जोत्याचे दगड उघडे पडतात, दहा वर्षांत भिंतीला पोट सुटते आणि एखाद्या भर पावसाच्या रात्री तीच भिंत आत झोपलेल्या माणसांवर येते. मातीची भिंत पडून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्या भिंतीवर वीज पडलेली नसते किंवा भूकंपही झालेला नसतो. वर्षानुवर्षे पायाशी पडणाऱ्या पाण्याकडे कुणी पाहिलेले नसते, एवढेच.

पूर अडवणे आपल्या एका घराच्या हातात नाही. पागोळी अडवणे मात्र नक्की आहे. त्यासाठी लागते ती पन्हळ. गंजलेली, फुटलेली पन्हळ काढून नवी बसविण्याचे काम घरची तीन माणसे दोन दिवसांत करू शकतात. आम्ही आमच्या शिरोळच्या घराचे हे काम घरच्या घरीच केले. ते कसे करावे हे आमच्या कष्टकरी वाचक बंधू-भगिनींसाठी येथे क्रमाने देत आहोत.

पाऊस थोडा, मार मोठा

कुणी म्हणेल, शिरोळला पाऊस तो किती? गगनबावड्याला पडतो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा! हे खरे आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पण हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद जागा झाकणारे एक पाखे म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. वळवाच्या एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका पाख्यावरून ७०० लिटर पाणी खाली येते. सबंध वर्षाच्या ५०० मिलिमीटरचा हिशेब धरला तर १४,००० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या नऊशेवर घागरी! एवढ्या घागरी कुणी आपल्या भिंतीच्या पायाशी आणून ओतल्या असत्या तर आपण गप्प बसलो असतो का?

त्यात आपली जमीन काळी. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. पायाची एक बाजू भिजलेली आणि दुसरी कोरडी राहिली की घर एका अंगाने हलते, भिंतीला तिरकी चीर जाते. ऊसपट्ट्यात क्षारपड जमिनीचे दुखणेही आपल्याला नवे नाही. तेच क्षार ओल्या पायातून भिंतीत वर चढतात. मग भिंतीला लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे निघतात आणि दर दिवाळीला दिलेला रंग होळीपर्यंतही टिकत नाही. ओल्या भिंतीच्या खोलीत झोपणाऱ्या लहान मुलांचा खोकला आणि म्हाताऱ्यांचा दमा वाढतो तो वेगळाच.

पूर्वी घराला लांब वळचण असे, त्यामुळे पाणी भिंतीपासून दोन-तीन हात दूर पडे. आता वस्तीतली जागा तोकडी झाली आहे. घर वाढविताना वळचण आखडते आणि ती वीतभर उरली की पागोळी थेट जोत्यावर पडते. म्हणून दाटीवाटीच्या वस्तीत पन्हळीची गरज मोठ्या वाड्यापेक्षा अधिक आहे.

ही विद्या जुनी आहे

पन्हळ ही बंगलेवाल्यांची चैन आहे, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथे भिक्खूंच्या निवासांजवळ कातळात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी त्या टाक्यांत आणून सोडणाऱ्या पन्हळीही कातळातच खोदलेल्या आहेत. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. ती दान देणाऱ्यांत व्यापारी होते, तसे कारागीरही होते. पाणी कुठे पडावे हे आपल्या हाती नसते, पण पडल्यावर ते कुठे जावे हे हाती असते, एवढी गोष्ट त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. आपल्या घरावरची पन्हळ हेच काम लहान प्रमाणात करते.

आधी घर बघा, मग शिडी लावा

या कामाचा उत्तम काळ म्हणजे वैशाख पौर्णिमा ते मृग नक्षत्र. अर्थात या दिवसांत वळीव अवचित येतो, म्हणून काम सकाळी लवकर धरावे. आभाळ भरले, वारा सुटला की शिडीवरून उतरावे.

सुरुवात खालून करावी. घराभोवती एक फेरी मारा. भिंतीला पोट आले आहे का? नवी चीर दिसते का? पुरात बुडून गेलेले घर असेल तर हे जास्तच बारकाईने पाहावे, कारण बरेच दिवस भिजलेल्या भिंतीची ताकद वरून दिसत नाही. भिंत झुकली असेल तर तिला शिडी लावू नये. आधी जाणत्या गवंड्याला दाखवावे.

नंतर वाशांची टोके तपासा. खिळ्याचे टोक सहज आत गेले तर लाकूड कुजले किंवा वाळवीने खाल्ले असे समजावे. अशा ठिकाणी वाशाच्या अंगाला नवा तुकडा जोडून घ्यावा. भरलेल्या पन्हळीचे वजन कुजका वासा पेलत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. खांबावरून घरात येणारी विजेची वायर बहुधा वळचणीच्या जवळूनच गेलेली असते. वायर सोललेली असेल किंवा पन्हळीच्या वाटेत येत असेल तर आपण हात लावू नये. महावितरणच्या कार्यालयात सांगून ती हलवून घ्यावी. लांब पत्रा उचलताना तो वायरला लागला तर काय होईल, हे सांगायला नको.

साहित्य

आमची जुनी पन्हळ जस्ती पत्र्याची होती आणि गंजून तिची चाळण झाली होती. नवी दोन प्रकारची करता येते. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून जस्ती पत्र्याची वळवून घ्यावी, किंवा सहा इंची प्लॅस्टिकचा म्हणजे पी.व्ही.सी. पाईप उभा चिरून घ्यावा. आम्ही दुसरा मार्ग धरला. कारण साधे आहे. वीस फुटी एक पाईप मधोमध चिरला की वीस फुटांच्या दोन पन्हळी होतात. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पाख्यांची सोय एका पाईपात होते. पाईप गंजतही नाही. मात्र उन्हाने तो काही वर्षांत कडक आणि ठिसूळ होतो, म्हणून बाहेरून फिकट रंगाचा हात द्यावा.

याशिवाय लागते ते असे. पन्हळ धरणारे अर्धगोल हुक हवेत. ते एक इंच रुंद लोखंडी पट्टीचे लोहाराकडून वळवून घ्यावेत आणि त्यांना लाल ऑक्साईडचा रंग द्यावा. अडीच फुटांवर एक याप्रमाणे वीस फुटांना नऊ हुक लागतात. सहा इंची टोप्या दोन घ्याव्यात. त्या निम्म्या कापल्या की दोन्ही पन्हळींची चारही टोके बंद होतात. पाणी उतरविण्यासाठी तीन इंची पाईप, त्याचे बेंड आणि भिंतीवर धरणारे क्लॅम्प घ्यावेत. पाईप जोडण्याचे सोल्युशन, खिळे-स्क्रू, हॅक्सॉ, सुताची दोरी आणि पाणसळीसाठी पारदर्शक नळी, एवढे असले की झाले. नळी आणि शिडी विकत घेण्याची गरज नसते. गल्लीत एखादा गवंडी, सेंट्रिंगवाला असतोच.

पाईप चिरण्याआधी दोन्ही अंगांना दोरी ताणून सरळ रेघ मारावी आणि हॅक्सॉने सावकाश कापावे. ग्राइंडर वापरायचाच तर डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तो चालविण्याची सवय असलेलाच माणूस हवा.

जुनी पन्हळ उतरविताना

शिडी बारा फूट उंच टेकवायची असेल तर तिचे पाय भिंतीपासून तीन फूट दूर ठेवावेत. खाली एकाने शिडी धरून उभेच राहावे, ते काम सोडून दुसरे करू नये. कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये. सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने कडकन मोडतो. शिवाय बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो कापताना किंवा त्याला भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचे आजार कित्येक वर्षांनी वर येतात. पन्हळ वाशांना बसते, त्यामुळे पत्र्याला हात लावण्याचे काही कारणच नाही.

जुन्या पन्हळीत गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हे काठीने दुरून पाहून घ्यावे. आधी उभा पाईप काढावा, मग पन्हळीचे एकेक तुकडे दोरीला बांधून खाली सोडावेत. वरून फेकू नयेत. गंजलेला पत्रा हाताला लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये. हातमोजे नसतील तर जाड गोणपाट तरी हाताला गुंडाळावे. उतरविलेला पत्रा भंगारात जातो आणि त्याचे चार पैसे हुकांच्या खर्चाला लागतात.

सगळे काम उतारावर

पन्हळ सरळ बसली तर तीत पाणी साचते. फार तिरकी बसली तर एका टोकाला ती कौलापासून खूप खाली जाते आणि पाणी बाहेर उडते. दर दहा फुटांना अर्धा ते पाऊण इंच उतार पुरतो. वीस फुटांना आम्ही सव्वा इंच धरला.

हा उतार डोळ्यांनी ठरवू नये, कारण जुन्या घराच्या वळचणीची कड क्वचितच सरळ असते. पारदर्शक नळीत पाणी भरा आणि आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नळीचे एक टोक पहिल्या हुकाच्या जागी धरा, दुसरे शेवटच्या हुकाच्या जागी. दोन्हीकडे पाणी जिथे स्थिरावेल तिथे खूण करा. ही झाली समपातळी. पाणी ज्या टोकाला उतरवायचे त्या टोकाला खुणेच्या सव्वा इंच खाली दुसरी खूण करा. पहिला आणि शेवटचा हुक या खुणांवर ठोका, त्यांच्यामध्ये दोरी ताणा आणि मधले सगळे हुक दोरीला लावून बसवा. शिडीवर एकाने आणि खाली नळी धरून दुसऱ्याने करायचे हे काम आहे. आमच्या घरी नळी धरायला वहिनी होत्या. पाण्याची रेघ वाचण्यात त्यांची नजर आमच्यापेक्षा पक्की ठरली. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हे जरूर दाखवावे. पाणी आपली पातळी शोधते, हा पुस्तकातला धडा डोळ्यांपुढे उभा राहतो.

बसविताना ध्यानात ठेवा

कौलाची कड पन्हळीच्या आत दोनेक इंच यावी. ती त्यापेक्षा मागे राहिली तर पाणी पन्हळ आणि भिंत यांच्यामधून गळते. फार पुढे आली तर जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारून जाते. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली असावी. कधी पन्हळ तुंबलीच तर पाणी बाहेर सांडेल, भिंतीवर येणार नाही.

पत्र्याच्या पन्हळीत जोड देताना वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत चार-सहा इंच घ्यावा, म्हणजे वाहते पाणी जोडात शिरत नाही. प्लॅस्टिकची पन्हळ खिळ्यांनी आवळून टाकू नये. वीस फुटांची पन्हळ थंडी-उन्हाळ्यात सेंटिमीटरभर लांब-आखूड होते, तिला सरकायला जागा हवी. प्रत्येक हुकाला वरून तारेचा एक वेढा दिला की ती वाऱ्याने उचलली जात नाही आणि तिचे तोंडही फाकत नाही.

खालच्या टोकाला तळात भोक पाडून तीन इंची जोड बसवावा. जोडाची कड पन्हळीच्या तळाच्या वर राहता कामा नये, नाहीतर तेवढे पाणी कायम साचेल. भोकावर तारेच्या जाळीची लहान टोपली ठेवावी, म्हणजे पाला पाईपात जात नाही. सगळे झाले की वरच्या टोकाला घागरभर पाणी ओतून पाहावे. पाणी कुठे थांबते, कुठे ठिबकते, ते लगेच दिसते आणि दुरुस्ती त्याच वेळी होते.

स्लॅबच्या घरांनाही एक सूचना. स्लॅबमधून बाहेर काढलेला पाईपचा तुकडा अनेकदा वीतभरच असतो आणि त्याचे पाणी भिंतीवरून ओघळते. त्याला बेंड आणि उभा पाईप जोडला तरी भिंत वाचते.

खाली आलेले पाणी

उभा पाईप जमिनीशी आणून तसाच सोडला तर वीस फुटांवर पसरून पडणारे पाणी एकाच कोपऱ्यावर पडेल. तो कोपरा आधी खचेल. म्हणून खाली बेंड लावून पाणी भिंतीपासून निदान तीन-चार फूट दूर न्यावे. पडण्याच्या जागी फरशीचा तुकडा ठेवावा आणि पुढे गटाराकडे वाट करून द्यावी.

बॅरल ठेवून पाणी साठवता येते. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. पुढचे पाणी धुणी-भांडी, जनावरे, झाडे यांना वापरावे, पिण्यास नको. पावसाळ्यात गढूळ नळाची वाट पाहत थांबणाऱ्या भगिनींना या बॅरलची किंमत वेगळी सांगायला नको. मात्र बॅरलचे तोंड दाट कापडाने किंवा जाळीने बांधलेलेच हवे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामे करून घासावे. उताराची चूक झालेल्या पन्हळीतही हाच डास वाढतो, हे विसरू नये.

शेजाऱ्याशी आधी बोला

वस्तीत दोन घरांमधली बोळ हात-दीड हाताची असते आणि एकाची पागोळी दुसऱ्याच्या भिंतीवर पडते. यावरून भावाभावांचे बोलणे बंद झालेले आपण पाहतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, ज्याला कोर्टात ‘इझमेंट’ म्हणतात, वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा चालत आलेली वहिवाट हा हक्क ठरू शकतो. त्यामुळे ही भांडणे कोर्टाच्या पायरीपर्यंत जातात आणि तिथे मजुरीचे दिवस बुडतात. पन्हळ दोन्ही भिंती वाचवते. काम धरण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलावून उभा पाईप कुठे उतरणार आणि पाणी कुणीकडे जाणार हे दाखवावे. बोळीत दोघांची पाखी समोरासमोर असतील तर खर्च वाटून दोन्हीकडच्या पन्हळी एकाच दिवशी बसवाव्यात. शिडीही एकदाच आणावी लागते.

वर्षाला दोन तास

पन्हळ बसली म्हणजे कायमचे झाले, असे नाही. मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळ्याच्या मध्ये एकदा उघडीप पाहून पाला-माती काढावी, हुक हलवून पाहावेत, घागरभर पाणी सोडावे. घराजवळ चिंच किंवा कडुनिंब असेल तर आणखी एक फेरी लागेल. पूर येऊन गेला तर उभ्या पाईपात गाळ बसलेला असतो, तो आधी काढावा.

आमच्या समाजातले किती तरी हात गवंडीकाम करतात, सेंट्रिंग बांधतात, जयसिंगपूर-इचलकरंजीच्या इमारतींवर परातीने काँक्रीट चढवतात. दुसऱ्याच्या घराची पाणसळ अचूक धरणारा माणूस आठवड्याच्या सुट्टीला दमून घरी येतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या वळचणीला फुटकी पन्हळ लोंबत असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण तीन-चार घरांनी मिळून एक रविवार एका घराला आणि पुढचा रविवार दुसऱ्या घराला दिला, तर मृग निघेपर्यंत सबंध गल्लीच्या पन्हळी होतील. ज्या घरात कर्ता माणूस नाही, एखादी म्हातारी आई एकटी राहते, त्या घराचा रविवार सगळ्यांत आधी धरावा. भिंत पडल्यावर मदतीला धावून जाणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती पडण्याआधी शिडी घेऊन जाणे त्याहून सोपे आहे.